मदत हवी आहे: कर्नेलमधील न वापरलेली फंक्शने काढणाऱ्या पॅचचे परीक्षण

तर्कशोध: लिनक्स कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) एका ड्रायव्हरच्या सामायिक फाइलमधून दोन फंक्शने काढून टाकणारा पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) माझ्याकडे परीक्षणासाठी आला आहे. गिट ग्रेप (कोडमधील मजकूर-शोध) चालवले, तर व्याख्या आणि हेडरमधील घोषणा यांखेरीज ती नावे कुठेही आढळत नाहीत, आणि बिल्डही विनातक्रार पार पडते. तरीही ‘रिव्ह्यूड-बाय’ ही परीक्षकाच्या संमतीची ओळ लिहायला हात धजत नाही. आणखी काय तपासावे, ते कृपया लवकर सांगावे. मर्ज विंडो, म्हणजे नव्या आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याचा काळ, तोंडावर आली आहे.

आधी_तपशील: बिल्ड कोणत्या आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) केले? फंक्शने एक्सपोर्ट केलेली, म्हणजे इतर मॉड्यूलांना वापरता येतील अशी, आहेत का?

तर्कशोध: एक्स८६, ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सारे मॉड्यूल म्हणून बिल्ड करणारी मांडणी). दोन्ही एक्सपोर्ट केलेली आहेत. ग्रेपमध्ये त्या ओळीही दिसतात, हे मी गृहीत धरले होते.

जुनायंत्री: मग काढू देऊ नका. आमचे एक मॉड्यूल कर्नेलच्या बाहेर सांभाळले जाते आणि अशा प्रत्येक साफसफाईनंतर ते मोडते.

मूळशाखा: आपली अडचण खरी असली, तरी तो आक्षेप येथे टिकत नाही. न मोडण्याचे वचन यूजरस्पेसला, म्हणजे कर्नेलवर चालणाऱ्या प्रोग्रामांना, दिलेले आहे. कर्नेलच्या अंतर्गत इंटरफेसला ते लागू नाही, हे कर्नेलच्या दस्तऐवजांतच स्पष्ट लिहिलेले आहे.

स्वच्छकोड: दोन फंक्शनांवर का थांबावे? २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीतून आठ आर्किटेक्चर एकदम काढली गेली, ६.७ मधून आयटॅनियमही गेले. संपूर्ण ड्रायव्हरच काढण्याचा प्रस्ताव मांडावा.

तर्कशोध: ड्रायव्हर वापरात आहे. प्रश्न फक्त या दोन फंक्शनांचा आहे.

मूळशाखा: ग्रेपवर पूर्ण विसंबू नये. डिव्हाइस ॲट्रिब्यूटच्या मॅक्रोला केवळ ‘स्टेटस’ एवढाच शब्द दिलेला असतो आणि ‘स्टेटस_शो’ हे नाव प्रीप्रोसेसर तुकडे जोडून तयार करतो. असे नाव ग्रेपला दिसत नाही. काढलेल्या फंक्शनाचा असा वापर कंपायलर किंवा लिंकर पकडतो, पण वापरणारी फाइल बिल्डमध्ये आली तरच, म्हणून आर्म आणि पॉवरपीसी यांचीही बिल्डे करावीत. लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढील आवृत्तीसाठीचे बदल एकत्र करणाऱ्या शाखेत) नवा वापर येऊ घातलेला नाही ना, हेही पाहावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे फंक्शन निरुपयोगी कधी आणि का झाले, ते शोधावे. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय (-S) आणि फंक्शनाचे नाव दिले, की शेवटचा वापर काढणारा कमिट (नोंदवलेला बदल) सापडतो. तो वापर जाणूनबुजून काढला असेल, तर त्या कमिटचा बारा अक्षरी हॅश (ओळखखूण) पॅचच्या संदेशात मागावा. अनवधानाने गळाला असेल, तर न वापरलेले फंक्शन हीच दोषाची खूण असते, आणि ते काढल्याने ती खूणही पुसली जाते.

तर्कशोध: पाहिले. पहिल्याचा वापर इंटरफेस बदलताना रीतसर संपला आहे. दुसरे फंक्शन मात्र डीएमए बफर (उपकरण थेट वापरते ती मेमरी) मोकळा करणारे आहे, आणि प्रोब (ड्रायव्हरने उपकरण सुरू करण्याची पायरी) अयशस्वी झाल्यावरच्या मार्गातील त्याचा कॉल एका पुनर्रचनेत नाहीसा झाला. त्या कमिटच्या संदेशात त्याचा उल्लेखही नाही. पॅच दोन भागांत पाठवण्यास मी लेखकाला कळवले आहे. पहिल्या भागाला माझी संमती आहे. दुसऱ्यात फंक्शन काढण्याऐवजी तो कॉल परत आणावा, असे सुचवले आहे.