मदत हवी आहे: सिंकमुळे उडालेलं अख्खं फोल्डर परत कसं आणायचं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं छोटं डीटीपीचं (छपाईसाठी पानं मांडायचं) काम आहे. ९ दिवसांपूर्वी दिवाळी अंकाचं फोल्डर, साधारण ४० जीबी, माझ्याच हातून शिफ्ट-डिलीट झालं, म्हणजे रिसायकल बिनमध्येही नाही. ज्याला इतके दिवस बॅकअप समजत होतो तो निघाला क्लाउडचा सिंक, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसणारा, त्यामुळे तिकडूनही गेलं! एसएसडी आहे, ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा साफ करणारी सोय) चालू. रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. ब्राउझरमध्ये क्लाउड उघडलं की हटवलेल्या फायलींची यादी दिसते, पण एकेकच फाईल उतरते. हजारभर लिंक केलेली चित्रं आहेत, फोल्डरची रचना मोडली की इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) चित्रं सापडत नाहीत म्हणून बोंबलणार. सिंक थांबवलंय. यादी ३० दिवसच राहते.

आधी क्लाउडवरच रिस्टोअर करून सगळं रिकाम्या डिस्कवर उतरवू का? आणि या जुन्या मशीनवर सिंक पुन्हा सुरू केलं, तर रिस्टोअर केलेलं फोल्डर परत पुसलं जाईल का?