'डेटा ॲक्विझिशन'ला मराठीत काय म्हणावे?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला 'डेटा ॲक्विझिशन अँड ॲनालिसिस' हा विषय मी शिकवणार आहे. सध्या पुस्तके चाळणे आणि मराठी टिपणे काढणे बरोबरीने चालू आहे. डेटाला 'विदा' धरून एका टिपणाला 'विदासंपादन' असा मथळा दिला, तर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे डेटात दुरुस्त्या करायच्या का?" तिचे चुकले नाही. भूसंपादन, ज्ञानसंपादन यांत 'मिळवणे' हा अर्थ अजून आहे, पण नुसते 'संपादन' म्हटले की डोळ्यांपुढे संपादकाची लेखणीच येते. आणि प्रयोगाच्या आकड्यांवर लेखणी फिरवायची असते, असा मुलांचा समज व्हायला नको. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : 'विदासंकलन' घ्या की. रुळलेला आहे, लगेच कळतो.

मूळ लेखक : तोच आधी घेतला होता. पण जनगणनेत प्रगणक दारोदार जाऊन करतो ते संकलन. घरात माणसे किती, हे तो येण्याआधीच ठरलेले असते. आमच्याकडे आकडा आयता नसतो. एलएम-३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २७ अंशांना २७०. आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या पाडतो आणि पडद्यावर येतात ५५! एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची. एवढ्यावर कोणी वहीत २७.१३ लिहिले, तर ते शेवटचे अंक कुठून आले हे मला त्याला विचारावेच लागते.

पुस्तके निवडतानाही इथेच अडतो आहे. नावात ॲक्विझिशन असते आणि पहिल्याच प्रकरणात भरलेला तक्ता समोर येतो. मग सरासरी, प्रमाण विचलन, आलेख. संकेतात (सिग्नलमध्ये) जी सर्वांत मोठी वारंवारता असेल तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात, हे साधे सूत्रही त्यांत सापडत नाही. अशी पुस्तके विश्लेषणाला उत्तम, पण माझा अर्धा अभ्यासक्रम त्यांच्या पहिल्या पानाआधीच संपतो.

प्रतिसाद : प्रयोगशाळेत आपण "रीडिंग घेतलं का?" असेच विचारतो. त्या 'घेण्या'वरून 'विदाग्रहण' कसा वाटतो? ग्रहण म्हटल्यावर सूर्य-चंद्र आठवतील, पण पदग्रहण, पाणिग्रहण हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतोच. ॲनालिसिसला मात्र 'पृथक्करण' नको. त्याने मिश्रणातले घटक वेगळे केल्यासारखे वाटते, 'विश्लेषण'च बरे.

मूळ लेखक : 'विदाग्रहण' मनापासून आवडला. यात उपकरणही आले आणि घेणारा माणूसही. पुस्तकांच्या यादीचे आता दोन भाग करतो, ग्रहणाचा वेगळा आणि विश्लेषणाचा वेगळा. दोन्ही एकाच पुस्तकात शोधायचा हट्ट सोडला. सोमवारी फळ्यावर 'विदाग्रहण' एवढेच लिहीन आणि त्याच मुलीला अर्थ विचारीन.