हक्क की अधिकार? विकासाच्या जाहीरनाम्यात अडलेय

तळटीप: एका संस्थेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या 'राइट टू डेव्हलपमेंट' जाहीरनाम्याचा अनुवाद करतेय. ४ डिसेंबर १९८६ चा, आमसभेत १४६ विरुद्ध १ मतांनी संमत झालेला (विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं). मी 'विकासाचा हक्क' लिहिलं. कलम २ मध्ये गाडी अडली. माणूस हा विकासाचा केंद्रबिंदू असं आधी म्हटलंय आणि तिसऱ्या पोटकलमात विकासाची धोरणं आखणं हा राज्यांचाही 'राइट' आणि कर्तव्य म्हटलंय. मी माणसाला 'हक्क' दिला, राज्याला 'अधिकार'. संपादक म्हणतात, मूळ शब्द एकच, तर मराठीतही एकच हवा, आणि तोही 'अधिकार'. तुम्ही काय कराल?

दप्तरी: त्यांना राज्यघटनेची मराठी प्रत दाखवा. भाग तीन, 'मूलभूत हक्क'. विषय संपला.

आडवाट: कसला संपतोय! २००५ साली 'माहितीचा अधिकार', २००९ साली शिक्षणाचा 'हक्क'. सरकारी अनुवादकांचंच एकमत नाही.

दप्तरी: 'माहितीचा अधिकार' सरळ हिंदीतून उचललाय. अहो, अधिकार साहेबाला असतो. "मला तेवढे अधिकार नाहीत, वरून सही आणा" असं खिडकीतला माणूस म्हणतो. "मला हक्क नाहीत" असं कधी ऐकलंत?

आडवाट: सातबारा काढा. गाव नमुना सातवर 'अधिकार अभिलेख पत्रक' छापलंय. तो काय साहेबाचा असतो?

दप्तरी: छापलंय हो, बोलतं कोण तसं? बहिणींच्या सह्या घ्यायची वेळ आली की घराघरात 'हक्कसोड पत्र'च निघतं.

तळटीप: दप्तरीकाका, हे कामाचं निघालं! पहिल्याच कलमात तो राइट 'इनएलिएनेबल' आहे. 'अहस्तांतरणीय' लिहून वाचताना जीभ अडखळत होती. 'ज्याची हक्कसोड होऊच शकत नाही असा' चालेल?

गीर्वाण: अरबी 'हक्क'ला एवढं कवटाळायचं कारण काय? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'अधिकार' आपला आहे आणि देशभर कळतो.

ओसरी: मग 'नाहक' आणि 'हकनाक' पण काढून टाका. दोन्हींत तोच 'हक' बसलाय. माझी आजी साताऱ्याकडच्या, धरणात गेलेल्या गावची. "हकनाक उठवलं आम्हाला" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या जागी संस्कृत शब्द घालून बघा बरं.

गीर्वाण: आजींबद्दल आदर आहे, पण भावनेवर कोश चालत नाहीत. विषय निघालाच आहे तर 'गुन्हेगारशास्त्र'ही सोडा. 'गुन्हा' फारसी, 'गार' फारसी. 'अपराधशास्त्र' म्हणा.

तीन नंबर झोपडी: फारसीचं आम्हाला काही नाही, खटकतो तो 'गार'. 'गुन्हेशास्त्र' म्हटलं तर अभ्यास गुन्ह्याचा. 'गुन्हेगारशास्त्र' म्हटलं की बोट माणसाकडे. अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार, असं धरूनच इंग्रजांनी १८७१ चा कायदा केला. सोलापुरात आमच्या भागाला अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. आजोबांना तिथे रोज हजेरी द्यावी लागायची, लग्नाला परगावी जायचं तरी पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला 'विमुक्त' झालो, आणि १९५९ ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. 'जन्मजात' गेलं, 'सराईत' आलं. असला कायदा रद्द करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये भारताला सांगितलं होतं. ताई, तुमच्या जाहीरनाम्यात याला काय शब्द आहे?

आडवाट: 'सराईत' मुळात वाईट नाही हं. सराईत तबलजी असतो, सराईतपणे पोळ्या लाटतात.

तीन नंबर झोपडी: पोलीस ठाण्याच्या फळ्यावर तबलजींची नावं नसतात.

तळटीप: मंडळी, पोटकलम तीन? सोमवारी मजकूर द्यायचाय.

दप्तरी: दोन शब्द ठेवा आणि संपादकांना भांडू द्या.

गीर्वाण: एकच ठेवा, 'अधिकार'. आणि 'सराईत' हा 'सराव'वरूनच आलाय, म्हणजे तो आपलाच.

ओसरी: धर्मशाळेच्या 'सराई'वरून नसेल कशावरून? रोज सराईत उतरतो तो सराईत :)

आडवाट: सांभाळा गीर्वाणराव, 'सराई' फारसी आहे.