गंभीर आजारी वडिलांच्या हाती पुन्हा कला द्यावी का?

प्रश्न (कुडाळ): आमचे वडील गावी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची कार्यशाळा, चालवीत असत. फुप्फुसाचा कर्करोग पसरल्यामुळे आता केमोथेरपी केवळ त्रास कमी करण्यासाठी दिली जाते, आणि ‘माझा आता काय उपयोग?’ असे ते वारंवार म्हणतात. त्यांना शाडूकाम पुन्हा करू द्यावे का?

उत्तर (रत्नागिरी, परिचारिका): केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्यास मातीतील बुरशी व जिवाणूंमुळे संसर्ग होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. तोवर जलरंग व कागद चालतील. वेदनाशामकाचा परिणाम टिकून असतानाच बसवावे आणि थकवा येण्याआधी थांबावे.

उत्तर (सावंतवाडी): फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्यावर १९४१ मध्ये आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर उभे राहून रंगवणे कठीण झाले, तेव्हा ते रंगवलेले कागद कात्रीने कापत आणि साहाय्यकांकडून भिंतीवर लावून घेत. तुमच्या वडिलांनाही स्वतः घडवता आले नाही, तरी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणाला तरी शिकवता येईल. मला वाटते, त्यांना करमणूक नको असेल. कारागीर म्हणून कोणी काही विचारावे, एवढेच हवे असेल. मात्र आग्रह धरू नये, अन्यथा चित्रकलाही वेळेवर घ्यायच्या गोळीसारखी होईल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पुतण्याला आखणी शिकायचीच आहे. शिकवाल का, हे तोच त्यांना विचारील.