विरूपण म्हणजे मॉड्युलेशन की डिस्टॉर्शन?

(सांगलीहून)
ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या वर्षाला आहे. २७ फेब्रुवारीच्या भित्तिपत्रकासाठी 'सांगली आकाशवाणी आपल्या घरात कशी पोचते' हा लेख माझ्या गळ्यात पडलाय. मराठी विश्वकोश उघडला तर मॉड्युलेशनला, म्हणजे रेडिओच्या लहरीवर आवाज चढवण्याला, 'विरूपण' आणि ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनला (लहरीची उंची बदलून आवाज चढवणं) 'परमप्रसर विरूपण'. परमप्रसर एक वेळ गिळेन, पण विरूपण? परवाच लॅबमध्ये ७४१ या ऑप-ॲम्प चिपवर दहा गेनचा (दहापट मोठं करणारा) इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर लावला होता, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. इनपुट एक व्होल्टच्या थोडं पुढं नेलं तशी सीआरओवरची (लहरीचा आकार दाखवणारा पडदा) साइन वेव्ह वरून-खालून सपाट. विळ्यानं शेंडे छाटावेत तशी. आम्ही त्याला डिस्टॉर्शन म्हणतो. रूप बिघडलं ते तिथं ना? मग विरूपण नक्की कशाला म्हणायचं?

(कराडहून)
शब्द घडवणाऱ्याची बाजूही बघा. 'वि' म्हणजे वाईटच असं नाही, विशेष आणि विविध यांतलाही तोच आहे. लहरीला वेगळं रूप देणं ते विरूपण, असा हिशेब असणार. पण मराठी कानाला विरूप म्हटलं की विद्रूपच आठवतं, आणि हिंदी परिभाषेत तर विरूपण म्हणजे सरळ डिस्टॉर्शन. मॉड्युलेशनच्या मुळाशी लॅटिन 'मोड्युलस' आहे, लहानसं माप. बिघाडाचा तिथं वाससुद्धा नाही.

तुमच्या सांगली केंद्राचंच घ्या. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. त्या लहरीवर १ किलोहर्ट्झचा एकच सूर चढवला तर हवेत १२५०, १२५१ आणि १२५२ अशा तीन कंप्रता जातात. (शाळेच्या पुस्तकात वारंवारता म्हणतात, तेही चालेल.) वाहक लहरीची (कॅरिअर, आवाज वाहून नेणारी ती १२५१ ची लहर) उंची आवाजाबरोबर कमी-जास्त होते, आणि आवाजाचा आकार तिच्या शेंड्याशेंड्यांवरून जसाच्या तसा काढलेला दिसतो. म्हणून तर साध्या डायोडनं तो रेडिओत परत मिळतो. बिघडलेला असता तर मिळाला असता का? बिघडतो कधी, तर मॉड्युलेशन इंडेक्स (वाहक लहरीच्या मानानं आवाज किती चढवला त्याचं माप) १ च्या वर गेला की. आता हे विश्वकोशी शब्दात सांगून बघा: 'विरूपण जास्त झाल्यामुळे विरूपण झाले.' परीक्षक हसेल नाहीतर भोपळा देईल.

(पलूसहून)
वाहक लहर वाचून आधी एसटीचा वाहकच डोळ्यापुढं आला. तिकीट कोण फाडतंय? त्यात सेमिकंडक्टर म्हणजे अर्धवाहक. हाफ तिकीट का?

(कराडहून)
दादा, विनोद बाजूला, पण अडचण खरी आहे. कंडक्टरला 'संवाहक' आणि सेमिकंडक्टरला 'अर्धसंवाहक' म्हटलं की 'वाहक' कॅरिअरसाठी मोकळा राहतो. तेव्हा इथला वाहक म्हणजे गाडीच समजा, प्रवासी आवाज.

(मिरजेहून)
आमच्याकडे तंबोरे बनतात, म्हणून एक सांगतो. लेखात डिस्टॉर्शनला 'विकृती' लिहू नका. तंबोऱ्याच्या घोडीचा (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) माथा इतका हलका उतार देऊन घासतात की तार कंपताना त्याला पुसटशी टेकत राहते. त्यातून वरचे स्वर उमलतात, त्याला जवारी म्हणतात. तुमच्या सीआरओवर ती काही स्वच्छ साइन वेव्ह दिसायची नाही. पण आमच्याकडे तक्रार येते ती जवारी गेल्याची, असल्याची नव्हे. घासून घासून बोटं सोलतात तेव्हा कुठं ती बसते.

(सांगलीहून)
काका, जवारीची चौकट करून लेखात टाकू का? आणि कराडच्या सरांचं ते वाक्यही?

बाकी असं ठरवलंय. मॉड्युलेशनला मॉड्युलेशनच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथं 'लहरीवर आवाज चढवणं' असं उलगडून. डिस्टॉर्शनला 'आकार बिघडणं'. परमप्रसर काढून 'उंची' लिहिलंय. आमचे सर त्यावर लाल शाई फिरवणार हे नक्की, पण भित्तिपत्रक वाचायला शिपाईमामाही थांबतात. नॉईजला 'गोंगाट' लिहिलं होतं. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, 'वीज चमकली की रेडिओ करतो ती खरखर होय?' ते खोडून खरखर केलंय.

(मिरजेहून)
टाका की. फक्त जवारीला ज्वारी छापू नका, मागं एकानं छापली होती.