ब्राउझरमधल्या शिकाऊ भाषेत टायमर कसा असावा: ‘थांब’ की ‘दर सेकंदाला’?

जुळे_सोलापूर (चर्चाप्रस्ताव):
सोलापुरात आम्ही काही जण शाळकरी मुलांसाठी मराठी आज्ञांची एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार करत आहोत. ती पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालते; मुलांचा प्रोग्राम आमचा जावास्क्रिप्टमधला (ब्राउझरला समजणाऱ्या भाषेतला) इंटरप्रिटर, म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्राम, ओळीओळीने चालवतो. यंत्रमागाचा धोटा पडद्यावर या टोकाकडून त्या टोकाकडे धावताना दाखवणे हा पहिला धडा ठरला आहे आणि तिथेच वाद सुरू झाला. त्यासाठी ‘थांब १’ अशी आज्ञा द्यावी, की ‘दर १ सेकंदाला’ अशी टायमरची घटना (वेळ भरली की तिच्याखालच्या आज्ञा आपोआप चालतात) द्यावी?

माझे मत घटनेच्या बाजूने आहे. पानावरचा जावास्क्रिप्ट ज्या थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर) चालतो, तोच थ्रेड क्लिकही हाताळतो आणि चित्र रंगवण्याचे कामही त्यालाच अडून राहते. तो खरोखर थांबवून ठेवला, तर धोटा हलणार नाहीच, पण ‘बंद करा’ हे बटणही चालणार नाही. ब्राउझर मुळातच घटनांवर चालतो, हे मुलांपासून लपवण्यात काय हशील? मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बेसिक या शिकाऊ भाषेतही टायमरला अंतर द्यायचे आणि प्रत्येक टिकेला (ते अंतर भरल्याच्या ठोक्याला) कोणती उपक्रिया (नाव दिलेला आज्ञांचा गट) चालवायची ते सांगायचे, अशीच सोय आहे.

पाणीवेस:
स्मॉल बेसिकचा दाखला अर्धाच दिलात. त्याच भाषेत ठरावीक मिलिसेकंद थांबण्यासाठी ‘प्रोग्रॅम.डिले’ ही आज्ञाही आहे.

थ्रेड अडण्याची भीती मला अनाठायी वाटते, कारण इंटरप्रिटर आपल्या हातातला आहे. ‘थांब’ आले की त्याने कोणत्या ओळीवर आहोत आणि चलांच्या (किंमत साठवणाऱ्या नावांच्या) किमती काय आहेत ते जपून ठेवावे, सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळानंतर काम सुरू करणारी जावास्क्रिप्टची सोय) लावावे आणि ताबा ब्राउझरकडे परत द्यावा. वेळ झाली की तिथूनच पुढे चालू लागावे. जावास्क्रिप्टमध्ये काम मध्येच थांबवून तिथूनच पुढे नेणाऱ्या सोयी, म्हणजे २०१५ पासून जनरेटर आणि २०१७ पासून असिंक-अवेट, आहेत ते याच प्रकारच्या कामासाठी. जानेवारी २०१९ मध्ये आलेली स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या मुलांच्या भाषेची तिसरी आवृत्ती फ्लॅश हे जुने तंत्र सोडून जावास्क्रिप्टवर लिहिली गेली, तरी तिच्यातला ‘इतके सेकंद थांबा’ हा ठोकळा कायम राहिला, आणि एक स्क्रिप्ट (ठोकळ्यांची माळ) थांबलेली असताना बाकीच्या खुशाल चालतात.

दहा वर्षांचे मूल ‘डावीकडे ने, थांब, उजवीकडे ने’ असाच विचार करते. घटना द्याल तर धोटा कोणत्या दिशेला चालला आहे हे बाहेर एका चलात ठेवायला त्याला पहिल्याच तासाला शिकवावे लागेल.

जुळे_सोलापूर:
इंटरप्रिटरने जागा लक्षात ठेवणे शक्य आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. मुख्य प्रोग्राम ‘थांब’वर असताना मुलाने बटण दाबले आणि त्या बटणाच्या घटनेने धोट्याची जागा बदलली, तर जाग आल्यावर पुढच्या ओळीला भलतीच किंमत दिसेल. दर सेकंदाच्या घटनेतच कोणी ‘थांब ३’ लिहिले, तर एकाच उपक्रियेच्या तीन प्रती एकमेकींच्या अंगावर चालू लागतील. ब्राउझरच्या नियमाप्रमाणे एक घटना पूर्ण संपल्यावरच रांगेतली दुसरी सुरू होते. ही शिस्त आयती मिळत असताना आपण ती मोडावी का?

साखरपेठ:
आपण दोघेही व्याकरणावर भांडत आहात आणि घड्याळाकडे कोणाचेच लक्ष नाही. सेटटाइमआउटला दिलेला आकडा म्हणजे ‘निदान इतका वेळ’, ‘नेमका इतका’ नव्हे. टायमरमधून टायमर लावत पाच पातळ्यांच्या पुढे गेले, की एचटीएमएलच्या (वेबपानांच्या भाषेच्या) प्रमाणाप्रमाणे निदान ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. टॅब मागे गेली की टायमर साधारण सेकंदाला एकदाच जागा होतो. क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून (जानेवारी २०२१) तर पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या टॅबमध्ये, काही अटींवर, तो मिनिटाला एकदाच जागा होतो. म्हणजे टिका मोजून उलटी गणती करणाऱ्या मुलाचे घड्याळ हटकून मागे पडणार, मग आज्ञा तुमची असो की त्यांची.

म्हणून भाषेत ‘गेलेला_वेळ’ अशी किंमत आधी द्यावी आणि ती परफॉर्मन्स.नाऊ (पान उघडल्यापासूनचा वेळ सांगणारी ब्राउझरची सोय) वरून काढावी. तारीख-वेळेवरून नको, कारण संगणकाचे घड्याळ मध्येच दुरुस्त होऊ शकते. धोटा हलवायला रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम (पडद्याचे पुढचे चित्र, म्हणजे फ्रेम, रंगवण्याआधी आपले काम चालवणारी सोय) वापरावे, पण प्रत्येक फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवू नये, नाहीतर ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या) पडद्यावरचा धोटा १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर दुपटीहून जास्त वेगाने पळेल. आणखी एक खाचखळगा: ब्राउझर सेटटाइमआउटची मुदत ३२ बिटांत (ठरावीक मापाच्या जागेत) ठेवतात, त्यामुळे २१४७४८३६४७ मिलिसेकंदांच्या, म्हणजे सुमारे २४.८ दिवसांच्या पुढचा आकडा दिला की टायमर न थांबता लगेच वाजतो. ‘थांब ३००००००’ (म्हणजे तितके सेकंद) लिहून पाहणारे मूल वर्गात असतेच असते.

पाणीवेस:
‘गेलेला_वेळ’ हवाच. प्रतींच्या गर्दीवर मात्र सोपा नियम करता येतो: त्याच घटनेची आधीची प्रत अजून संपली नसेल, तर नवी टिक सोडून द्यावी. टॅब पुन्हा पुढे आल्यावर हुकलेल्या टिकाही एकामागून एक वाजवू नयेत, एकच वाजवावी.

जुळे_सोलापूर:
टिक गुपचूप गिळली, तर मुलाला आपल्या प्रोग्राममध्ये चूक आहे की भाषेत, हे कळणार नाही. त्यापेक्षा घटनेच्या आत ‘थांब’ला सरळ मनाई करावी आणि ‘येथे थांबता येत नाही’ असा स्वच्छ मराठी संदेश द्यावा. मुख्य प्रोग्रामपुरते ‘थांब’ मी चालवून घेईन, पण एका अटीवर. ‘चालवा’ पुन्हा दाबले की आधीच्या फेरीचे (प्रोग्राम चालवण्याच्या आधीच्या खेपेचे) सगळे टायमर रद्द झाले पाहिजेत. प्रत्येक फेरीला क्रमांक द्यावा आणि जागा होणाऱ्या टायमरने आपला क्रमांक चालू फेरीशी जुळतो का ते आधी तपासावे, नाहीतर जुना धोटाही नव्याबरोबर पडद्यावर धावत राहील.

पाणीवेस:
फेरीचा क्रमांक मान्य. पण मनाई केलीत, तर ‘बटण दाबल्यावर ते एक सेकंद लाल होऊन परत निळे व्हावे’ एवढी साधी गोष्ट मुलाने कशी लिहायची? त्यासाठी एकदाच वाजणारा टायमर, त्याची वेगळी उपक्रिया आणि कोणते बटण होते हे लक्षात ठेवणारे चल लागेल. ‘थांब’ने हेच काम तीन ओळींत होते. तुमच्या पद्धतीने हा प्रोग्राम कसा दिसेल, तो इथे लिहून दाखवावा. मग पुढे बोलू.