बाप रेसर असला की पोराचं करिअर सोपं होतंय काय?

उद्यमबाग_गॅरेजवाला
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. आमचा थोरला भाऊ पूर्वी ऑटोक्रॉस, डर्ट ट्रॅक असलं खेळायचा, म्हणजे मातीच्या मैदानात जिप्सी घालायची आणि टायमिंग काढायचं. नंतर लग्न झालं, कारखाना अंगावर पडला, खेळणं बंद. आता त्याचं पोरगं दहा वर्षाचं आहे आणि कोल्हापूरला मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट (रेसिंगची छोटी उघडी गाडी) चालवालंय, बरं चालवालंय. घरात दोन पार्ट्या झाल्यात. आमचे बाबा म्हणतात खाण तशी माती, जाऊ दे पोराला पुढं. वहिनी म्हणते मातीनं टायर येत नाहीत. मला विचारायचंय की या धंद्यात घराण्याचा खरंच किती उपयोग होतो? नारायण कार्तिकेयनचे वडील पण रॅलीवाले, मॅक्स व्हर्स्टापेनचा बाप योस तर एफ वनमध्येच (फॉर्म्युला वन, रेसिंगची सगळ्यात वरची पायरी) होता. मग ज्यांच्या घरात नुसती हौस होती, नाव नाही, त्यांनी काय समजायचं?

टिळकवाडी_टर्बो
नारायणचं नाव काढलंस ते बरं झालं, कारण लोक त्याचं फक्त २००५ बघतात. वडील जी. आर. कार्तिकेयन, साउथ इंडिया रॅली सात वेळा जिंकलेला माणूस, म्हणजे कोइमतूरच्या त्या घरात गाडीचा विषय जेवणाच्या ताटावर. पण म्हणून कोणी दार उघडून बसलं नव्हतं. १९९२ ला फ्रान्समध्ये विनफिल्डच्या रेसिंग स्कूलला गेला, १९९४ ला इंग्लंडात फॉर्म्युला फोर्डची विंटर सीरिज जिंकली, १९९६ ला फॉर्म्युला एशिया, मग ब्रिटिश एफ थ्री, मग जपान, मग निसानची वर्ल्ड सीरिज, असं करत करत २००५ ला एफ वनमधल्या जॉर्डन टीमची सीट मिळाली. १३ वर्षं झाली बघ. त्यात पण टाटांचा हात पाठीवर होता म्हणून. वडिलांची सातही ट्रॉफ्या घेऊन गेला असता तरी युरोपातल्या टीमवाल्यानं चहासुद्धा विचारला नसता, तिकडं साउथ इंडिया रॅली कोणाला माहिती ओ.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेसला मिळालेले ते ५ पॉइंट, त्यावर लोक हसतात, सहाच गाड्या पळाल्या म्हणून. मिशेलिनचे टायर बँकिंगवर (तिरक्या वळणावर) टिकेनात, १४ गाड्या फॉर्मेशन लॅप (सुरुवातीआधीची फेरी) करून पिटमध्ये गेल्या, हे खरंय. पण चौथा येण्यासाठी त्या दिवशी ग्रिडवर असावं लागतंय की नाही? हसणाऱ्यातला एक तरी होता काय तिथं.

निपाणीचा_नाना
टर्बोशेठ, आडनाव नुसतं पहिला फोन उचलायला लावतं, दुसरा फोन टाइम शीट बघून येतो. मायकेल शूमाकरचा पोरगा मिक बघा. जगातलं सगळ्यात मोठं आडनाव, २०२० ची एफ टू (एफ वनच्या खालची पायरी) चॅम्पियनशिप स्वतः कमावलेली, एफ वनला हास टीममध्ये दोन सीझन, आणि २०२२ ला मोनॅकोत गाडीचे दोन तुकडे झाल्यावर तुटफुटीच्या बिलाचीच चर्चा जास्त. सीझन संपला, सीट गेली. दुसऱ्या कोणाचं पोरगं असतं तर निदान गुपचूप शिकायला मिळालं असतं.

उलटं उदाहरण डेमन हिल. बाप ग्रॅहम हिल, १९६२ आणि १९६८ चा वर्ल्ड चॅम्पियन. १९७५ ला स्वतः विमान चालवत असताना अपघातात गेला, इन्शुरन्स लागू झाला नाही, बरोबर गेलेल्यांच्या घरच्यांनी दावे लावले, घर विकायची पाळी. पोरानं लंडनमध्ये मोटरसायकलवरनं पार्सलं पोचवली. एफ वनची पहिली रेस १९९२ ला, ३१ व्या वर्षी! आत्ता त्या वयात लोक रिटायरची भाषा करतात. १९९६ ला चॅम्पियन. आता यात बापाचा उपयोग किती झाला तुम्हीच ठरवा, हेल्मेटवरचे रंग बापाचे होते एवढं नक्की.

अनगोळची_काकू
मी रेसर नाही, पण माझा मुलगा तीन सीझन कार्टिंगला होता म्हणून लिहिते. नाना म्हणतात ते वरच्या लेव्हलला खरं असेल, पण लहानपणी बाप जाणकार असला की फार फरक पडतो. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागचा अ‍ॅक्सल सलग. त्यामुळं वळणात आतल्या बाजूचं मागचं चाक जरा उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट घसटत जातं आणि इंजिन दबतं. माझ्या नवऱ्याला हे कळायला दीड वर्ष लागलं, तोवर आम्ही मेकॅनिकला पैसे देत बसलो, तो म्हणेल ते बदलायचं. शेजारच्या पिटमधला एक बाप स्वतः पूर्वी खेळलेला होता, तो वळणाच्या आतल्या बाजूला कुंपणाजवळ उकिडवा बसायचा, दोन लॅप चाक बघायचा, येऊन मागचे हब मिलिमीटरभर सरकवायचा, झालं. पोराला ओरडायचा पण नाही. योस व्हर्स्टापेन मॅक्सची इंजिनं स्वतः करायचा म्हणतात ते याच्यासाठीच, आणि मॅक्सची आई सोफी कुंपेन स्वतः कार्टिंगमधली मोठी ड्रायव्हर होती, हे मात्र कोणी सांगत नाही बघा.

उद्यमबाग_गॅरेजवाला
काकू, हे काय म्हणालात ते मला पटलं. भाऊ तिथं नुसता मोबाइलवर व्हिडिओ काढत उभा असतो, त्याला रविवारी वळणावर बसवतो. पण पुढचं काय? मॅक्स १७ व्या वर्षी एफ वनला गेला तसं होतंय काय आता?

टिळकवाडी_टर्बो
नाही. त्याच्यामुळंच नियम बदलला, आता साधारण १८ वर्षं (१७ ला खास सूट मिळाली तरच) आणि सुपर लायसन्सला (एफ वन चालवायचा परवाना) तीन वर्षांत ४० पॉइंट. एफ टूमध्ये पहिल्या तिनात आला की ४० मिळतात, एफ फोर (खालची पायरी) जिंकून १२ च. आणि एफ टूच्या एका सीझनचं बजेट २५-३० कोटीच्या घरात. बेंगळुरूचा कुश मैनी बघ (सीमाप्रश्न दोन मिनिटं बाजूला ठेवूया), वडील गौतम मैनी स्वतः रेस केलेले, भाऊ अर्जुन डीटीएमला (जर्मनीतली रेसिंग सीरिज), घर उद्योगपतींचं. २०२५ ला मोनॅकोत एफ टूची स्प्रिंट (छोटी रेस) जिंकला. तरी अजून एफ वनची पक्की सीट नाही. आत्ता पोराला एफएमएससीआयचं (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स काढा, मायक्रो मॅक्समध्ये (लहान पोरांचा कार्टिंगचा गट) नॅशनल खेळू दे, १५ ला एफ फोर आपल्याच देशात आहे. एफ वन एके एफ वन धरून बसू नका, जीटी (स्पोर्ट्स कारच्या रेस) आहे, रॅली आहे, त्यातही पोट भरणारे ड्रायव्हर आहेत.

उद्यमबाग_गॅरेजवाला
धन्यवाद मंडळी. रात्री घरात सगळं वाचून दाखवतो, ते २५-३० कोटीचं वाक्य तेवढं गाळून.

अनगोळची_काकू
वहिनीला आधी तेच दाखवा. नंतर कळलं तर कार्ट राहू दे, तुमचं गॅरेजमधलं जेवण बंद होईल.